कोकणचे नकाशाकार : टॉमस बेस्ट जर्व्हिस

शाळेच्या प्रत्येक वर्गांत भिंतीवर एखादा नकाशा टांगलेला असतो. भूगोलाच्या तासास विद्यार्थी पुढें येतो, छडीचें टोंक नद्यांवरून व डोंगरांवरून फिरवितो, आणि तास संपला कीं तो नकाशा पुन्हां भिंतीचाच एक भाग होऊन जातो. पुस्तकावर ग्रंथकर्त्याचें नांव असतें, चित्राच्या कोपऱ्यांत चित्रकाराची सही असते. परंतु हा नकाशा कोणीं मोजला, कोणीं काढला, कोणीं छापला, हें विचारण्याची आपणांस संवय नाहीं. नकाशा म्हणजे जणूं आपोआप उगवलेली वस्तु, असेंच आपण धरून चालतों.

प्रस्तुत लेखांत आम्ही अशा एका गृहस्थांचा परिचय वाचकांस करून देणार आहों, कीं ज्यांनीं तारुण्यांत आपल्या सह्याद्रीच्या पलीकडील दक्षिण कोकणाची भूमि पायाखालीं घालून मोजली आणि उतारवयांत स्वतःच्या पैशानें परदेशाचा नकाशा छापून एका राष्ट्राच्या सैन्यास दिला. महाराणी व्हिक्टोरिया यांच्या अमदानींत इंग्लंडांत नकाशे छापून विकणाऱ्या मोठमोठ्या पेढ्या भरभराटीस आल्या. लंडनांत ॲरोस्मिथ व वॉकर, एडिंबरो शहरांत जॉन्स्टन, हीं त्यांतील विख्यात नांवें होत. टॉमस बेस्ट जर्व्हिस यांचें नांव त्यांच्याइतकें प्रसिद्ध नाहीं. पण त्या पेढ्यांनीं बहुधा दुसऱ्यांनीं मोजलेल्या भूमीचे नकाशे छापले. जर्व्हिस यांनीं दोन्ही बाजू स्वतः पाहिल्या. त्यामुळेंच त्यांस एक गोष्ट पुरतेपणीं उमगली. नकाशा तयार होणें ही एक गोष्ट, आणि ज्यास त्याची गरज आहे त्याच्या हातीं तो वेळेवर पडणें ही अगदीं निराळी गोष्ट. त्यांच्या चरित्राचें सार या एका वाक्यांत आहे असें आम्हांस वाटतें.

जर्व्हिस यांचा जन्म २ ऑगस्ट १७९६ रोजीं सिंहलद्वीपांत जाफना येथें झाला. या घराण्याचा ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीशीं जुना संबंध होता. टॉमस यांचें शिक्षण इंग्लंडांत झालें. तेथें लष्करी इंजिनियरास अवश्य असलेलें गणित, रेखन व भूमापन ते शिकले, आणि विशी उलटण्यापूर्वींच कंपनीच्या मुंबई इंजिनियर पलटणींत अधिकारी म्हणून हिंदुस्थानांत आले. त्यांचे वडील बंधु जॉर्ज हेही त्याच पलटणींत होते. या दोघां भावांचीं नांवें महाराष्ट्राच्या विद्येच्या इतिहासांत कोठें कोठें गुंतलीं आहेत, तें पुढें येईलच.

ते आले तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. शनिवारवाड्यांतून ज्या मुलखाचा कारभार चालत असे तो कंपनीच्या हातीं गेला, आणि त्यांत कोकणचा मोठा भाग होता. नव्या राज्यकर्त्यांपुढें पहिला प्रश्न हा, कीं आपल्या ताब्यांत आलें तें काय आहे? गांवें किती, खाड्या किती, घाट कोणते, कोणत्या घाटानें बैल जातो व कोणत्यानें केवळ माणूस? मराठी दप्तरांत नकाशे नव्हते असें नाहीं. मोडी अक्षरांत गांवांचीं, किल्ल्यांचीं व नद्यांचीं नांवें लिहिलेले हातानें रंगविलेले नकाशे पेशवाईंतही होते. पण ते ठरावीक प्रमाणावर मोजून काढलेले नसत. कोणता किल्ला कोणत्या नदीच्या अलीकडे आहे हें त्यांवरून कळे. परंतु दोन ठिकाणांमधील अंतर कंपासानें मोजून काढावें, अशी सोय त्यांत नव्हती. तशी सोय असलेला दक्षिण कोकणचा नकाशा तयार करण्याचें काम १८१९ सालापासून तरुण जर्व्हिस यांजकडे आलें, आणि पुढें सुमारें दहा वर्षें तें चाललें.

भूमीची मोजणी म्हणजे सांखळी घेऊन एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत चालत जाणें, अशी कित्येकांची समजूत असते. कोकणासारख्या प्रदेशांत तें शक्यच नाहीं. एका बाजूस सह्याद्रीचे कडे, दुसऱ्या बाजूस समुद्र, आणि मध्यें खाड्या, दऱ्या व दाट झाडी; सांखळी सरळ रेषेंत चार पावलें न्यावी तों पुढें डोंगर आडवा येतो. अशा ठिकाणीं भूमिती साह्यास येते.

पुण्याचेंच उदाहरण घेऊं. पर्वतीची टेंकडी व चतुःशृंगीची टेंकडी यांमधील सरळ अंतर आपणांस अचूक ठाऊक आहे असें समजा. ही झाली आपली आधाररेषा. आतां पर्वतीवर उभे राहून थिओडोलाइट नांवाच्या कोन मोजण्याच्या यंत्रांतून प्रथम चतुःशृंगीकडे व मग सिंहगडाकडे पाहिलें, तर त्या दोन दिशांमधील कोन कळतो. तसाच कोन चतुःशृंगीवरूनही घेतला. त्रिकोणाची एक बाजू व तिच्या दोन टोंकांचे दोन कोन मिळाले कीं उरलेल्या दोन बाजू गणितानें निघतात. म्हणजे सिंहगडाकडे एकही पाऊल न टाकतां पर्वतीपासून सिंहगड किती दूर आहे हें आपण सांगूं शकतों. पुढें पर्वती ते सिंहगड ही रेषा नवी आधाररेषा होते, तिच्यावर दुसरा त्रिकोण उभा राहतो, आणि अशी त्रिकोणांची जाळी साऱ्या प्रांतावर पसरत जाते. शाळेंत त्रिकोणमितीचा कंटाळा करणाऱ्या आमच्या बालमित्रांनीं ध्यानांत ठेवावें कीं साऱ्या देशाचा नकाशा याच एका युक्तीवर उभारला गेला आहे.

हीच युक्ति घेऊन विल्यम लॅम्बटन यांनीं १८०२ सालीं मद्रासजवळून हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला होता. ते वृद्ध संशोधक काम करतां करतांच १८२३ सालीं वर्ध्याकडील हिंगणघाट येथें वारले. जर्व्हिस यांचें कोकणांतील काम त्या मानानें लहान होतें. पण अडचणी लहान नव्हत्या. पावसाळ्याचे चार महिने बाहेरचें काम बंद. उन्हाळ्यांत दूरच्या शिखरावरची खूण धुरकट हवेंत दिसेनाशी होई. ताप तर ठेविलेलाच. शिखरांची जागा त्रिकोणांनीं ठरली म्हणजे मग मधला तपशील भरावयाचा: वाट, ओढा, देऊळ, गांवठाण. तें काम पायींच करावें लागे.

येथें एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. नकाशावर एका साहेबाचें नांव येतें. पण यंत्रांच्या जड पेट्या डोंगरावर वाहणारे खलाशी, झाडी तोडून दृष्टीस वाट करून देणारे बिगारी, सांखळी धरणारे, गांवाचें दप्तर उलगडून दाखविणारे कुलकर्णी, आणि शिवेचा दगड कोठें आहे हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले महार, यांच्यावांचून तो नकाशा झाला नसता. शिवेच्या तंट्यांत ज्यांची साक्ष प्रमाण मानीत, त्यांनाच गांवकुसाच्या बाहेर रहावें लागे, हें आपल्या समाजाचें दुर्दैव. त्यांच्यापैकीं कोणाचेंही नांव नकाशाच्या कोपऱ्यांत आलें नाहीं.

जर्व्हिस यांनीं केवळ डोंगर व नद्याच टिपल्या नाहींत. लोकवस्ती, शेती, जमीनधाऱ्याची पद्धति, खोतीचे हक्क, वजनें व मापें, हेंही त्यांनीं लिहून काढलें. कोकणाविषयींचा त्यांचा भूगोलविषयक व सांख्यिक ग्रंथ १८४० सालीं प्रसिद्ध झाला. त्या काळच्या कोकणाचा अभ्यास करणारांस तो अद्यापि उपयोगी पडतो. रत्नागिरीकडे फिरतांना त्यांचें लक्ष तेथील पंतोजींच्या शाळांकडेही गेलें. आपण तेथें मराठी शाळा काढून दिल्या पाहिजेत असें त्यांच्या मनानें घेतलें व त्यांनीं त्या काढल्याही. ते श्रद्धावान ख्रिस्ती होते. ज्या लोकांच्या देशांत आपण भाकरी खातों त्यांच्या मुलांस लिहितां वाचतां यावें, हें ते आपलें कर्तव्य समजत.

या कामीं त्यांच्या बंधूंचा वांटा तर फारच मोठा आहे. एल्फिन्स्टन साहेब मुंबईचे गव्हर्नर असतां १८२२ सालीं शाळा व शालोपयोगी पुस्तकें यांसाठीं जी मंडळी स्थापन झाली, तिचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस होते. सदाशिव काशिनाथ छत्रे व पुढें बाळशास्त्री जांभेकर यांनीं याच मंडळींत काम केलें. जॉर्ज यांनीं गणित व भूमिति यांवरील पुस्तकें मराठींत आणलीं आणि मुंबईस १८२३ सालीं इंजिनियरिंग शिकविणारी शाळा चालू केली. पुढें १८४७ च्या सुमारास, शिक्षण इंग्रजींतून द्यावें कीं देशी भाषांतून, असा वाद शिक्षण मंडळांत माजला, तेव्हां सर अर्स्किन पेरी यांच्याविरुद्ध देशी भाषांचा पक्ष जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर जॉर्ज जर्व्हिस यांनींही धरला होता. ज्ञान लोकांच्या भाषेंत व लोकांच्या हातीं गेलें पाहिजे, हा एकच विचार एका भावानें पुस्तकांच्या द्वारें व दुसऱ्यानें नकाशांच्या द्वारें आचरिला असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

वजनें व मापें हा टॉमस यांच्या आवडीचा विषय होता. एका बाजाराचा शेर दुसऱ्या बाजारांत चालत नसे. पायली, मण व खंडी यांचीही तीच गत. १८३०च्या दशकांत त्यांनीं या विषयावर ग्रंथ लिहून साऱ्या हिंदुस्थानास एकच मापपद्धति असावी असा आग्रह धरला. प्राचीन राष्ट्रांचीं सर्व मापें एकाच मूळ मापापासून निघालीं अशी त्यांची एक कल्पना होती. ती विद्वानांस मान्य झाली नाहीं. पण एका देशास एक माप, ही त्यांची मागणी रास्त होती. ती पुरी होण्यास स्वतंत्र हिंदुस्थानचा १९५६ चा कायदा व दशमान मापें यावीं लागलीं.

आतां त्यांच्या आयुष्यांतील मोठ्या आशाभंगाकडे वळूं. १८३६ सालीं जर्व्हिस रजेवर इंग्लंडास गेले. त्या वेळीं हिंदुस्थानचे सर्व्हेयर-जनरल जॉर्ज एव्हरेस्ट होते; त्यांची प्रकृति बरीच खालावलेली होती व ते चाकरी सोडतील असें वाटत होतें. म्हणून १८३७ सालीं कंपनीच्या डायरेक्टरांनीं, ती जागा रिकामी झाल्यास जर्व्हिस यांनीं ती घ्यावी, असें आगाऊ ठरवून टाकिलें. जर्व्हिस उत्साहानें तयारीस लागले. १८३८ सालीं न्यूकॅसल येथें ब्रिटिश असोसिएशनच्या सभेंत त्यांनीं हिंदुस्थानांतील मोजण्यांची स्थिति व पुढील योजना यांवर व्याख्यान दिलें. रॉयल सोसायटीच्या अडतीस सभासदांनीं त्यांच्या बाजूनें डायरेक्टरांस अर्ज केला, कीं भावी सर्व्हेयर-जनरलांस उत्तम यंत्रें व साधनें देऊन हें काम सुधारावें.

यांत एकच गफलत होती. जागा रिकामी नव्हती! एव्हरेस्ट अजून जिवंत होते, कामावर होते, आणि त्यांनीं स्वतः अनेक वर्षें झिजून ती मोजणी जगांतील उत्तम मोजण्यांच्या पंक्तीस आणली होती. आपल्या हयातींत आपल्या वारसाची अशी तयारी चाललेली पाहून व आपलें काम जणूं झालेंच नाहीं अशा भाषेंतील अर्ज वाचून ते संतापले. त्यांनीं रॉयल सोसायटीचे अध्यक्ष ड्यूक ऑफ ससेक्स यांस उद्देशून एकामागून एक अशीं जळजळीत पत्रें लिहिलीं व १८३९ सालीं तीं छापून प्रसिद्ध केलीं. पुढें त्यांची प्रकृति सुधारली, आणि १८४३ पर्यंत ते त्या जागेवर राहिले. जर्व्हिस यांनीं वाट पाहून १८४१ च्या अखेरीस चाकरीचा राजीनामा दिला. एव्हरेस्ट यांच्यामागून ती जागा अँड्र्यू वॉ यांस मिळाली. त्यांनींच पुढें जगांतील सर्वांत उंच शिखरास आपल्या पूर्वाधिकाऱ्याचें नांव दिलें.

या प्रकरणांत दोष कोणाचा? आमच्या मतें जर्व्हिस यांच्या हितचिंतकांनीं त्यांचें हित केलें नाहीं. दुसऱ्याच्या श्रमाची विचारपूस न करतां आपल्या माणसाची स्तुति केली, तर ती स्तुति निंदेप्रमाणें लागते. उलट एव्हरेस्ट यांचा त्रागा समजण्याजोगा असला तरी त्यांच्या लेखणीस आवर नव्हता. पण आमच्या विद्यार्थ्यांनीं पहावयाचें तें हें, कीं हातीं आलेली जागा निसटल्यावर पंचेचाळिसाव्या वर्षीं जर्व्हिस यांनीं काय केलें. ते रुसून बसले नाहींत. त्यांनीं लंडनांत शिळाछापाचा छापखाना घातला.

शिळाछाप म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. त्या काळीं चांगला नकाशा तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापीत. कारागीर टोंकदार सळईनें प्रत्येक रेघ व प्रत्येक अक्षर उलटें कोरी. एका पत्र्यास महिनेच्या महिने लागत. हिंदुस्थानच्या मोजणीवरून एका इंचास चार मैल या प्रमाणावर जो मोठा नकाशासंग्रह १८२७ पासून निघूं लागला, त्याचे पत्रे लंडनांतच कोरले जात. म्हणजे मोजणी हिंदुस्थानांत, कोरणें इंग्लंडांत, आणि छापील नकाशा गलबतानें परत हिंदुस्थानांत! ज्या जिल्ह्याचा नकाशा, त्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्यास तो दिसेपर्यंत वर्षें लोटत.

यास तोड निघाली ती बव्हेरियांत. आलोइस सेनेफेल्डर यांनीं जर्व्हिस जन्मले त्याच सुमारास एक नवी युक्ति शोधून काढली. तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहींत, हें तिचें सारें रहस्य. विशिष्ट जातीच्या गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट शाईनें रेघा काढावयाच्या, मग दगड पाण्यानें ओला करावयाचा. कोऱ्या दगडावर पाणी राहतें, तेलकट रेघेवर राहत नाहीं. त्यावरून तेलकट शाईचा रूळ फिरविला कीं शाई केवळ रेघांनाच लागते, ओल्या जागेस लागत नाहीं. वर कागद ठेवून दाबला कीं नकाशा उमटला. कोरण्याची कटकट नाहीं. खास कागदावर सुलट काढलेली आकृति दगडावर उतरवितां येते. आणि वेगवेगळ्या रंगांसाठीं वेगवेगळे दगड करून रंगीत नकाशाही छापतां येतो. मुंबईंत मराठी पुस्तकें छापण्यास आरंभीं या शिळाछापाचा फार उपयोग झाला. पुढें गणपत कृष्णाजी यांनीं स्वतः छापखाना उभारून पंचांग छापलें, हें वाचकांस ठाऊक असेलच.

जर्व्हिस यांनीं या कलेंत आपला वेळ व पैसा ओतला. बॅरन ह्यूगेल या प्रवाशाच्या काश्मीर व पंजाब येथील प्रवासवर्णनाचें इंग्रजी पुस्तक त्यांनीं टिपांसह संपादिलें. तें १८४५ सालीं निघालें. परंतु सरकारनें नकाशे गोळा करणें व छापणें यांसाठीं एक स्वतंत्र खातें काढलें पाहिजे, हा त्यांचा मुख्य ध्यास होता. फ्रान्स व ऑस्ट्रिया या राष्ट्रांच्या सैन्यांत तसें खातें होतें, इंग्लंडांत नव्हतें. शांततेच्या दिवसांत त्यांचें म्हणणें कोण ऐकतो?

१८५४ सालीं इंग्लंड क्रिमियाच्या युद्धांत उतरलें. इंग्लंड व फ्रान्स हे तुर्कस्थानच्या बाजूनें रशियाविरुद्ध उभे राहिले, आणि सप्टेंबर महिन्यांत त्यांचीं सैन्यें काळ्या समुद्रांतील क्रिमियाच्या किनाऱ्यावर उतरलीं. तेथील भूमीचा चांगला नकाशा इंग्रज सेनापतींजवळ नव्हता. जगांतील सर्वांत श्रीमंत राष्ट्र, त्याचें आरमार साऱ्या समुद्रांवर फिरणारें, आणि त्याच्या सैन्यास पुढल्या टेंकडीमागें काय आहे हें ठाऊक नाहीं!

हें होण्यापूर्वींच जर्व्हिस यांनीं बेल्जम देशांत असतां एक मोलाची गोष्ट मिळविली होती. ती म्हणजे रशियन सेनाखात्यानें तयार केलेल्या क्रिमियाच्या नकाशाची प्रत. तिजबरोबर तुर्कस्थानच्या युरोपांतील मुलखाचा ऑस्ट्रियन सेनेचा नकाशाही त्यांस मिळाला. ते तांतडीनें लंडनास परतले व युद्धमंत्री ड्यूक ऑफ न्यूकॅसल यांस भेटले. सरकारनें उत्तर दिलें तें असें, कीं नकाशा तुम्हीं आपल्या खर्चानें व आपल्या जोखमीवर छापावा. छापला तर आम्ही प्रती विकत घेऊं. अठ्ठावन वर्षांच्या त्या निवृत्त अधिकाऱ्यानें तो जुगार पत्करला. रशियन अक्षरांतील नांवें रोमन लिपींत लिहून काढणें, दगडांवर आकृति उतरविणें, दहा पत्र्यांचा तो नकाशा शिळाछापानें छापून काढणें, हें सारें त्यांनीं आपल्या खर्चानें केलें, आणि नकाशा रणभूमीवर पोंचला.

या एका नकाशानें युद्ध जिंकलें, असें आम्ही म्हणणार नाहीं. क्रिमियांत इंग्रज शिपाई गोळीपेक्षां थंडीनें, उपासमारीनें व रोगांनीं अधिक मेले. त्या दुःखांतूनच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचें कार्य पुढें आलें. नकाशा ब्लँकेट होत नाहीं व औषधही होत नाहीं. पण आंधळेपणानें पुढें ढकलल्या जाणाऱ्या माणसांस समोरची दरी आधीं कळणें ही लहान गोष्ट नव्हे. सरकारचे डोळे उघडले. जें खातें काढावें म्हणून जर्व्हिस इतकीं वर्षें कंठशोष करीत होते, तें १८५५ च्या आरंभीं युद्धखात्याच्या हाताखालीं ‘टोपोग्राफिकल अँड स्टॅटिस्टिकल डेपो’ या नांवानें स्थापन झालें व त्याचे पहिले अधिकारी म्हणून त्यांचीच नेमणूक झाली. ब्रिटिश सैन्याचें आजचें गुप्तवार्ता खातें आपली वंशावळ या लहानशा कचेरीपासून सांगतें. जर्व्हिस यांस हें काम फार दिवस करावयास मिळालें नाहीं. १८५७ सालच्या एप्रिलांत, वयाच्या एकसष्टाव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. त्यांचे पुत्र विल्यम पॅजेट जर्व्हिस हे इटलींत तुरीन येथें राहणारे भूगर्भशास्त्रज्ञ होते. त्यांनीं १८९८ सालीं वडिलांचें चरित्र प्रसिद्ध केलें आणि त्याच्या नांवांतच त्यांस ‘हिंदुस्थानचे मित्र’ म्हटलें.

मित्र हा शब्द आपण कितपत मान्य करावा? हा प्रश्न टाळणें बरें नव्हे. कोकणची मोजणी रयतेनें मागितलेली नव्हती. परक्या सत्तेस सारा वसूल करतां यावा, फौज नेतां यावी, यासाठीं ती झाली. ज्याच्या हातीं नकाशा त्याच्या हातीं मुलूख, हें राज्यकर्त्यांस पुरतें ठाऊक होतें. जर्व्हिस हे त्याच सत्तेचे चाकर होते आणि त्यांचा शेवटचा मोठा नकाशा तर युद्धासाठींच छापला गेला. हें सारें खरें धरूनही आम्हांस असें वाटतें, कीं भूमीचें खरें ज्ञान एकदां कागदावर उतरलें म्हणजे तें धन्याच्या हातांत कायमचें कोंडून राहत नाहीं. राज्य गेलें, पण मोजलेली भूमि व तिचा अभ्यास मागें राहिला, आणि त्याचा उपयोग आतां आपण आपल्यासाठीं करतों.

याचा पुरावा पुण्यांतच आहे. १८३६ सालीं पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं शेतवार मोजणीवरून नवी जमाबंदी ठरविली, आणि तीच पद्धति पुढें साऱ्या मुंबई इलाख्यांत पसरली. तेहेतीस फुटांची सांखळी, तिचा चौरस तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हा हिशेब आपले शेतकरी अजून तोंडानें करतात तो त्याच मोजणीपासून. पुढें शिळेची जागा जस्ताच्या पत्र्यानें व छायाचित्रणानें घेतली, आणि पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्यांतून गांवोगांवचे नकाशे छापून निघाले. गांवच्या चावडींत किंवा तलाठ्याच्या दप्तरांत जो मळकट नकाशा उलगडून दोन भाऊबंदांचा बांधाचा तंटा मिटवितात, तो नकाशा म्हणजे दुर्बळाची ढाल आहे. कारण जेथें लेखी मोजणी नाहीं तेथें बांध बळवंताच्या नांगराबरोबर सरकतो.

नकाशा कोणी पहावा व कोणी पाहूं नये, हा वाद मात्र जर्व्हिस यांच्याबरोबर संपला नाहीं. स्वातंत्र्यानंतरही सरहद्दीचे व किनाऱ्याचे तपशीलवार नकाशे सामान्य मनुष्यास सहज मिळत नसत. २०२१ सालीं भारत सरकारनें नकाशे व भूमिविषयक माहिती तयार करण्यावरील बरेच निर्बंध उठविले. आज हातांतल्या मोबाईलवर आपली गल्लीही दिसते. पण जें फुकट दिसतें त्याची किंमत मनास उमगत नाहीं, म्हणून जर्व्हिस यांच्यासारख्यांचीं चरित्रें वाचावयाचीं.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुट्टींत एक लहानसा प्रयोग करून पहा. आपल्या घरापासून शाळेपर्यंतची वाट पावलांनीं मोजा, वळणें टिपा, ठरावीक प्रमाण धरून ती कागदावर उतरवा, आणि तो कागद त्या वाटेनें कधीं न गेलेल्या मित्राच्या हातीं देऊन त्यास एकट्यास शाळेंत येण्यास सांगा. तो न चुकतां पोंचला, तर तुमचा नकाशा खरा. आणि तुम्हीं तो वहींतच दडवून ठेविला, तर तो कितीही सुबक असो, त्याचा उपयोग शून्य. ज्ञान मिळविणें हें अर्धें काम होय. दुसऱ्यास वाट दिसेल असें तें त्याच्या हातीं देणें हें उरलेलें अर्धें.